रोज दोनशे, रोज दोन

माझ्या बायकोला, पंचफुलाला, दवाखान्यातून अर्ध्यावर उचलून आणणारा शहाणा मी. सातवीला गणित शिकवतो. गंगाखेडजवळच्या आमच्या गावात लोक बियाणाच्या हिशोबालाही माझ्याकडे येतात, त्यामुळे स्वतःच्या अकलेवर भारी भरवसा होता.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. शहरातल्या दवाखान्यात शेक द्यायचं ठरलं. मशीनखाली झोपवून किरणं देतात, त्याला सगळे शेकच म्हणतात. पंचवीस दिवसांचा होता. अकरा झाले आणि शेजारच्या खाटेवर पालमच्या कस्तुराबाई तपासणीसाठी दाखल झाल्या. दोन वर्षांमागे त्यांनाही हाच आजार होता, शेकही इथंच घेतलेला, आणि आता बाई ठणठणीत. त्यांचे मालक माणिकराव मोठे जमीनवाले, पण माणूस बोलका.

"मास्तर, हिला पुरे पाच हजार दिले बगा. रोज दोनशे," असं म्हणत त्यांनी शेकाचा डोस लिहिलेलं जुनं कार्ड माझ्या हातात दिलं.

मी पंचफुलाचं कार्ड त्याच्या शेजारी धरलं. एकूण पन्नास. रोज दोन.

माझं डोकंच फिरलं. आजार एक, मशीन एक, दिवस तेवढेच. त्यांना दोनशे आणि आम्हाला दोन! आकड्यांपुढची इंग्रजी अक्षरं वेगवेगळी होती, तिकडे मी बघितलंच नाही. बघितली ती आडनावं.

कुणी म्हणेल, लगेच जातीवर कशाला जायचं? अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं, तेव्हा मी जळालेल्या एकतीस वस्तू सांगितल्या होत्या. पंचनाम्यात चार उतरल्या. लिहिणारा तोंडानं अगदी गोड होता. तेव्हापासून कागदावर आमच्या नावापुढे आकडा कमी दिसला, की मी कारण विचारत बसत नाही.

तरी मशीनच्या खोलीपाशी जाऊन विचारलं. खिडकीशी ही गर्दी. आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "आता नवा हिशोब आहे. व्हा बाजूला." नवा हिशोब! मला जो समजायचा तो समजला. मी तिथंच आरडाओरडा केला आणि त्याच दुपारी पंचफुलाचं गाठोडं बांधलं.

"अवो, अजून चवदा दिस ऱ्हायलेत की," ती म्हणाली.

"दोन-दोननं काय व्हनार हाय? दुसरीकडं नेतो तुला."

दुसरीकडं म्हणजे कुठं, हे मलाच ठाऊक नव्हतं. परभणीच्या डॉक्टरांनी परत तिथंच जा म्हणून सांगितलं. ते मला ऐकायचं नव्हतं. मग देवगाव फाट्याच्या एका वैद्याच्या पुड्या आणल्या. अंगावरून जाणं थांबलेलंच होतं, त्याचं श्रेय मी त्या पुड्यांना दिलं. पाचव्या आठवड्यात रक्त पुन्हा सुरू झालं आणि दोनच दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर दवाखान्याचं पोस्टकार्ड आलं.

"उपचार अर्धवट सोडले आहेत. दिलेला डोस २२ ग्रे, म्हणजे जुन्या मापात २२०० रॅड. राहिलेला २८ ग्रे. ताबडतोब यावे."

एक ग्रे म्हणजे शंभर रॅड. दोन म्हणजे दोनशे. पन्नास म्हणजे पाच हजार. कस्तुराबाईंना जेवढं, तेवढंच, रतीभरही कमी नाही. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी पोरांचा अर्धा गुण कापतो. वर्गाकडे पाठ करून मी फळ्यासमोर रडलो.

मिळेल ती गाडी धरून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पंचफुलाला तपासलं आणि हात धुवून खुर्चीत बसल्या. मी हात जोडले.

"बाई, बावीस झालेत, अठ्ठावीस ऱ्हायलेत. आजपासून द्या. पन्नास भरून निघतील."

"मास्तर, अशी बेरीज होत नाही हो. मध्ये पाच आठवडे गेले. गाठ परत वाढलीय, त्या बाविसाचा उपयोग बराचसा वाया गेला."

"मग पयल्यापासून पन्नास द्या!"

"तेही जमत नाही. तिच्या आतड्यांनी ते बावीस घेतलेत, ते काही परत निघत नाहीत. वरून पन्नास दिले तर आतडी जळतील. झेपेल तेवढं देऊ. पण बरी होईल असं मी म्हणत नाही."

मला पुढचं नीट ऐकू येईना. बावीस वजा करता येत नाहीत, मिळवताही येत नाहीत. माझ्या हातानं मी तिला मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरीणबाई पंचफुलाकडे वळल्या. "कुणी सांगितलं होतं तुला उठून जायला?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच ती बोलली.

"मीच भ्याले, बाई. हे नगं नगं म्हनत व्हते. मीच हट्टानं गेले."

"घरात मास्तर असून ही अक्कल? जिवाशी खेळ केलास तू!"

पंचफुलानं पदर ओढून मान खाली घातली. बाई तिला रागावत राहिल्या. मी शेजारी बसून मान हलवत होतो, त्यांचं बरोबर आहे म्हणून.