उरलेला अर्धा चेहरा

गल्लीत सगळे त्यांना फोटोकाका म्हणत. नोकरी घरोघरचे विजेचे मीटर तपासायची, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. सुट्टी आली की कॅमेरा गळ्यात अडकवून तळ्यावर हजर. बगळे, धुकं, पाण्यावरचं ऊन. बक्षिसंही बरीच मिळाली. बायको एकदा म्हणाली होती, "माझाही काढा की एखादा." भिंग पुसता पुसता ते म्हणाले, "तुझा काय काढायचा? तू तर रोजचीच."

साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

"बाबा, आईचा एक चांगला फोटो द्या, मोठा करून लावू," मुलगी म्हणाली. फोटोकाकांनी कपाट उपसलं. खोक्यांवर खोकी, आणि त्यात बगळेच बगळे. शेवटी हाती लागला पुतण्याच्या लग्नातला घोळका. तोही त्यांनीच टिपलेला. ती अगदी कडेला, कुणाकुणाच्या पर्स सांभाळत उभी, आणि चेहरा मधोमध कापला गेलेला.

मुलीला घेऊन ते स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला.

"हरकत नाही काका, आहे तोच अर्धा उलटा करून जोडतो. फक्त त्या बाजूला तीळबीळ, काही खूण होती का, तेवढं सांगा."

फोटोकाकांना काही आठवेना. मुलगी फोनवर कुणाशी तरी बोलत होती. तिला विचारायची त्यांना लाज वाटली. ते बाहेर आले आणि फुटपाथवरूनच त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"डाव्या भुवईत खोक होती ना ताईच्या," मेहुणी म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्ही मला विचारताय, भावोजी?"

"कसली खोक?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कॅमेऱ्याचा स्टँड पडला होता तिच्यावर, माळ्यावरून. तुम्ही स्पर्धेला गेला होतात. दवाखान्यात मीच नेलं. चांगले टाके पडले होते."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"मी सांगणार होते. ती म्हणाली, राहू दे, घरी आले की दिसेलच त्यांना."

फोटोकाका आत आले. "खूण होती," ते स्टुडिओवाल्याला म्हणाले. "डाव्या भुवईत."

"अहो, ती कशाला आता?" फोन ठेवत मुलगी म्हणाली. "छान स्वच्छ दिसू दे की आईला. बाबा, तुमचं पण ना!"

त्यांनी हट्ट धरायला हवा होता. पण कुठल्या तोंडाने धरणार? स्टुडिओवाल्याने अर्धा चेहरा उलटा केला, जोडला, कातडी उजळली, ओठ किंचित हसरे केले. दोन्ही भुवया अगदी एकसारख्या. पडद्यावरून एक परकी, सुखी बाई त्यांच्याकडे पाहू लागली.

फोटो बैठकीच्या खोलीत लागला. मेहुणी आली, दारातूनच तिने एकदा पाहिलं आणि फोटोकडे पाठ करून बसली. बाकीच्यांना मात्र तो फार आवडला. चहा घेताना शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वा! काय जिवंत आलाय! तुम्हीच काढलेला असणार, फोटोकाका."

मेहुणीने मान वर करून भावोजींकडे पाहिलं.

"हो," फोटोकाका म्हणाले. "मीच."