एकच गोळी

"आल्या, शास्त्रज्ञ बाई आल्या!" शाळेतून आलेल्या पुतणीला काकानं दारातच चिमटा काढला. एरवी तिनं त्याला सोडलं नसतं. पण त्याच्या हातातली गोळ्यांची पट्टी दिसली आणि तिनं दप्तर तिथंच टाकलं.

"कसल्या गोळ्या?"

"डोकं शांत करणाऱ्या. दुकानातल्या ओळखीच्यानं दिल्या. सकाळपासून बाबांचं एकच, कपाटावर तीन पोरं बसलीयत, उतरवा त्यांना. किती ऐकायचं माणसानं?"

आजोबा खिडकीपाशी बसले होते. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेला बडबड्या माणूस, आणि आता चिडीचूप.

"आत्याला विचारलंस?"

"फोन उचलेल तर ना ती!"

आत्या प्रयोगशाळेत आजोबांच्याच आजारावर काम करायची. तिनं पुतणीला सगळं समजावलं होतं. आजोबांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये एका प्रथिनाच्या गुठळ्या साचल्यात, त्यामुळे निरोप पोचवणारी रसायनं आटलीत. एक आटलं म्हणून नसलेली पोरं दिसतात. दुसरं, डोपामिन, आटलं म्हणून पाय घासत चालतात. भास थांबवणाऱ्या कितीतरी गोळ्या नेमकं उरलंसुरलं डोपामिनच अडवतात. मग माणूस लाकडासारखा ताठतो. ताप चढला तर जिवावरही बेततं.

पुतणीनं फोन लावला. पुन्हा लावला. आठव्यांदा आत्यानं उचलला. पुतणीनं स्पीकर लावून पट्टीवरचं नाव वाचलं, तसा आत्याचा आवाज बदलला.

"दादा, दिली नाहीस ना?"

काका मान खाजवायला लागला. "एकच. दहा वाजता."

"पोरी, त्यांचा हात कोपरात वाकव. कसा वाकतो सांग."

रोज सकाळी आजोबांना शर्ट तीच घालायची, त्यामुळे तो हात तिला पाठ होता. तिनं हळूच वाकवला.

"बाही मोजतेस? टेप कुठंय तुझी?" आजोबा पुटपुटले.

हात अडला, सरकला, परत अडला. गंजलेलं दातेरी चाक फिरवावं तसा.

"आत्या, सकाळी असा नव्हता गं!"

"ताबडतोब हॉस्पिटल. पट्टी बरोबर घ्या. मी तिथेच येते."

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, जरा झोपतील..."

"काका, रडायचं नंतर. गाडी काढ!"

एवढा चढा आवाज आपलाच, हे तिला जिन्यात कळलं.

मागच्या सीटवर ती आजोबांचा हात धरून बसली. दर दोन मिनिटांनी कोपर वाकवून बघत होती. तळवा गरम लागत होता. ताप, की तिच्याच हाताची ऊब? त्यांच्या कपाळाला हात लावायचा धीर होईना. शेवटी लावला.

"काका," ती म्हणाली, "हॉर्न वाजव."