संगणकाची खंडेनवमी

खंडेनवमीला पूजेत मांडलेल्या हत्याराने दसऱ्यापर्यंत विश्रांती घ्यावी, हा श्रीवर्धनच्या बापूंच्या घरचा नेम. संस्कृताचे निवृत्त शिक्षक असलेल्या बापूंनी त्या सकाळी सुपारीच्या वाडीतला कोयता पुजला, पत्नी पद्माबाईंची कात्री पुजली आणि यंदा प्रथमच सुनेच्या संगणकालाही झेंडूची माळ घातली. सून प्रणाली समारंभांच्या फिल्मा एडिट करीत असे. ती पुरण घाटायला आत गेली होती. संगणक मात्र पूजेनंतरही घुमतच राहिला. हा उद्दामपणा बापूंना रुचला नाही. त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. टेबलाखालची बॅटरीची पेटी टीं टीं करू लागली, तेव्हा वर्गातल्या वात्रट मुलाला गप्प करावे तसे त्यांनी तिलाही गप्प केले.

प्रणाली बाहेर आली. "बापू, लाईट गेली होती?"

डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे न पाहता बापू म्हणाले, "यंत्रच ते. थकले असेल."

"अहो, सकाळपासूनचं काम सेव्ह केलं नव्हतं मी! वाचनालयाची फिल्म!"

वाचनालयाच्या शतकमहोत्सवाची ती फिल्म उद्या सायंकाळी सहाला दाखवायची होती, आणि वाचनालयाचे अध्यक्ष खुद्द बापूच होते. तरीही प्रणालीचा हात बटणाकडे जाताच ते म्हणाले, "आज हात लावायचा नाही."

"मग उद्या पडद्यावर काय लावणार?" स्वयंपाकघरातून पद्माबाई म्हणाल्या. "झेंडूची माळ?"

बापूंनी क्षणभर विचार केला. मग आपद्धर्म स्मरून त्यांनी संगणकावर अक्षता वाहिल्या आणि देवाला, क्षमा मागून, एक दिवस आधीच निरोप दिला.

संगणक सुरू झाला. उघडली ती कालची फिल्म. आजचे काहीच नव्हते. प्रणालीने एक फोल्डर शोधून काढला. "हे सॉफ्टवेअर दर पंधरा मिनिटांनी आपणहून एक प्रत ठेवतं."

"न सांगता?"

"न सांगता."

"गुणी आहे," बापू मनापासून म्हणाले.

सव्वाअकराची शेवटची प्रत उघडली आणि सकाळचे काम बहुतेक सगळे परत आले. प्रणालीने सुस्कारा सोडला. "शेवटची दहा मिनिटंच गेली. त्यात मी तुमचं भाषण कापलं होतं."

बापूंनी पाहिले. पडद्यावर त्यांचे भाषण अखंड होते, चोवीस मिनिटांचे. त्यांच्या मुद्रेवर प्रसन्नता पसरू लागली. ती त्यांनी मोठ्या कष्टाने आवरली. "राहू दे मग तसेच. सणाच्या दिवशी पुन्हा तेच श्रम कशाला?"

"बरं. एकदा बघून तर घ्या."

दुसऱ्या कॅमेऱ्याने श्रोते टिपले होते. चौथ्या मिनिटाला खजिनदार हरेश्वर झोपले. नवव्या मिनिटाला पहिल्या रांगेतून पद्माबाई उठल्या आणि चपला हातात घेऊन बाहेर गेल्या. एकविसाव्या मिनिटाला परतल्या, तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता.

"कुठे गेली होतीस?" बापूंनी विचारले.

"समुद्रावर," पदराला हात पुशीत पद्माबाई दारात आल्या. "पाय भिजवले, शहाळं प्यायले. परत आले तर तुम्ही अजून प्रस्तावनेतच!"

प्रणालीने ओठ घट्ट मिटले, पण तिचे खांदे हलत होते. बापू बराच वेळ पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत राहिले. तो गृहस्थ तर्जनी उंचावून अजून बोलतच होता.

"बटण मी बंद केले, प्रणाली."

"ठाऊक आहे. बॅटरीच्या बटणावर कुंकू लागलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, भाषण वाचवायचंय तुम्हाला."

"छे! ते तू कापते आहेस हे ठाऊक असते, तर मुख्य स्विचच पाडला असता." बापूंनी खुर्ची पुढे ओढली. "चल, काप."

प्रस्तावना गेली. इतिहास गेला. आभारांना दोन वाक्ये मिळाली. दोन मिनिटांचे भाषण उरले तेव्हा प्रणालीने विचारले, "आणि हा श्रोत्यांचा भाग? काढू ना?"

"हरेश्वर काढ, बिचारा." बापू गंभीरपणे म्हणाले. "चपला हातात घेऊन निघालेली ही बाई मात्र राहू दे. सावकाश दाखव."

"अहो!" पद्माबाई ओरडल्या.