नाक कोरं करायचा शर्ट

मसाल्याच्या दुकानात माझा शर्ट टांगलेला होता.

आधी वाटलं, निळ्या चौकड्यांचा शर्ट काय मी एकट्यानेच घालायचा असतो? पण खिशाची शिवण तपकिरी दोऱ्याची होती. घरातला निळा दोरा संपला म्हणून बायकोने तपकिरी वापरला होता आणि मी कुरकुर केल्यावर म्हणाली होती, "लेथमशीन काय तुमचा खिसा बघत बसणार आहे?" उजव्या बाहीला मसुरीएवढं भोक. तेही माझंच. लोखंड कापताना तापलेला कीस उडाला होता. तो शर्ट विरला आणि फरशी पुसायला गेला, असं मी धरून चाललो होतो. आणि तो इथे, परक्या माणसाच्या गल्ल्यामागे, खिळ्यावर, वर चेन लावलेल्या पारदर्शक पिशवीत. माझ्या लग्नाच्या कोटाचीसुद्धा अशी बडदास्त कुणी ठेवली नव्हती.

मला या दुकानात मेहुणीने आणलं होतं. बायको गेल्यापासून ती रविवारी येते आणि दोन दिवसांचं जेवण करून ठेवते. बायकोच्या मसाल्याची बरणी संपत आली तसा मी चमचा अर्धा केला, मग पाव केला. त्या रविवारी बरणी उलटी धरून ओट्यावर आपटत होतो.

"दाजी, बरणी फुटेल," मेहुणी म्हणाली. "आपटून मसाला वाढत नाही."

मग तिला फडताळात या दुकानाचा छाप असलेली रिकामी पुडी सापडली. "ताई इथूनच नेत असणार. चला, विचारून तर बघू."

मला हे दुकान ठाऊक नव्हतं. बायको गुरुवारी दुपारी बाजारात जायची, मी कारखान्यात असायचो. बाजार म्हणजे बाजार, त्यात विचारायचं काय?

दुकान अरुंद आणि लांब होतं. दोन्ही भिंतींना लाकडी खण, वर काचेच्या बरण्या, मागे छोटी चक्की चालू. नुसती मिरीच पाच-सहा तऱ्हेची. मालक माझ्यापेक्षा बराच लहान, उंच, आणि डोक्यावर सगळेच्या सगळे केस. केस मी आत शिरतानाच पाहिले होते, पण शर्ट दिसल्यावर ते जरा जास्तच दाट वाटायला लागले.

"नुसतं बघू नका, वास घ्या," तो मेहुणीला म्हणत होता. "ही दालचिनी परवाच आलीय. आता ही जायपत्री. हा वेलदोडा."

मेहुणीने सगळ्यांत नाक घातलं. "आता मला सगळं एकच वाटतंय हो."

"नाक थकलं. आपल्या कोपरात नाक खुपसा, असं, बाहीवर. दोन श्वास घ्या. नाक कोरं होतं."

मेहुणीने तसं केलं आणि हसली. मी नाही हसलो. माझी बायको गॅसपाशी उभी असताना मध्येच असंच बाहीत तोंड खुपसायची. मला वाटायचं, घाम पुसते. इतकी वर्षं मी तिला म्हणत आलो, अगं पंखा लाव. म्हणजे ते तिला याने शिकवलं होतं तर.

"तो शर्ट कुणाचा?" मी विचारलं.

मेहुणीने वर बघितलं. तिनेही ओळखला असावा, कारण तिने माझा दंड धरला.

"तो होय? तो आमच्या नाकवाल्या बाईंचा."

माझ्या बायकोला नवं नाव ठेवणारा हा कोण लागून गेला? पण मी म्हणालो एवढंच, "कोण बाई?"

"गुरुवारी यायच्या. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण नाक असं, की त्यांनी वास घेऊन 'हे धणे शिळे आहेत' म्हटलं, की मी अख्खं पोतं परत पाठवायचो. ते स्टूल त्यांचंच."

कोपऱ्यात स्टूल होतं. त्यावर उशी होती, फुलाफुलांच्या कापडाची, कडेला दुहेरी शिवण. ही शिवण मला पाठ आहे. आमच्या घरात एकाही खुर्चीवर उशी नाही.

"आणि हसायच्या काय!" तो म्हणाला. "एकदा सुरू झाल्या की माझ्या तराजूचा काटा हलायचा."

बायको घरीही हसायची, नाही असं नाही. पण काटा हलेल असं नाही. माझ्या अंगाची आग झाली. जेवण मला वाढायचं आणि हसायला इकडे यायचं? त्याच्या त्या झुपकेदार केसांत लोखंडाचा कीस ओतावा असं वाटलं.

"हल्ली येत नाहीत," तो म्हणाला. "रुसल्या असतील. त्यांच्या मसाल्यात मी परस्पर सुंठ वाढवली होती. पण माल आला की पहिली मूठ त्यांच्यासाठी काढून ठेवतोच." त्याने एक खण ओढून दाखवला. आत लहान लहान पुड्या एकावर एक रचलेल्या होत्या.

त्याला माहीतच नव्हतं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. स्टूल त्याच्याकडे, हसणं त्याच्याकडे, शर्टही त्याच्याकडे. ही एकच गोष्ट अशी होती की ती फक्त माझी होती. ती याला द्यायची नाही, बसू दे वाट बघत. मी दाराकडे वळलो.

"दाजी," मेहुणी हळूच म्हणाली, "सांगा त्यांना."

मी थांबलो, पण ते सांगण्यासाठी नाही. एक काटा रुतून बसला होता, तो काढल्याशिवाय मला पुढे पाऊल टाकवेना. "बाईमाणसाने पुरुषाचा शर्ट तुमच्या दुकानात का ठेवला?"

"नवऱ्याचा आहे तो. त्या म्हणायच्या, माझ्या बाहीला माझ्याच फोडणीचा वास, त्याने नाक कसं कोरं होणार? मग एक दिवस हा घेऊन आल्या. म्हणाल्या, याचा मला वासच येत नाही."

"वासच येत नाही?"

"अजिबात. सवयीचा झालेला. मी एकदा गंमत म्हणून हुंगून बघितला, तर दोन शिंका आल्या. नुसतं लोखंड आणि तेल! माझ्या नाकाला तो काही कामाचा नाही. कुणाच्याच नाही. पण त्या इथलं काहीही हुंगायच्या आणि मध्ये मध्ये त्या शर्टात तोंड घालायच्या. मसाल्याचा वास लागू नये म्हणून पिशवीसुद्धा त्यांनीच आणली. मी हात लावला तर ओरडायच्या."

मेहुणीने माझा दंड सोडला.

"तो नवरा मी," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. नखांतलं काळं कधी जात नाही. "अरे, या ना! मग बाई कुठे आहेत? अजून राग आहे का?"

"नाही. गेली ती. हिवाळ्यात."

त्याने मागे जाऊन चक्की बंद केली. परत आला तेव्हा हातात एक बरणी होती. ती त्याने माझ्यासमोर ठेवली, मग खिळ्यावरची पिशवी काढली, चेन उघडली आणि शर्ट माझ्याकडे दिला. "आधी हा. दोन श्वास."

मी शर्टात तोंड घातलं. मला वाटलं होतं, तिचा वास असेल. नाहीतर निदान माझा. काहीच नव्हतं. कापड होतं, बस.

मेहुणीने पुढे होऊन हुंगलं. "ई, दाजी! वर्कशॉपच आहे नुसतं."

"मला काही येत नाही."

"नाहीच येणार," तो म्हणाला आणि बरणीचं झाकण काढलं. "हे त्यांचं प्रमाण. सुंठ परत कमी केलीय."

मी वाकलो, आणि त्या वासाबरोबर माझं स्वैपाकघर आलं. सगळं. खिडकीशी कळकट झालेली टाइल, माझ्याकडे पाठ करून ढवळणारी ती, आणि मान न वळवता, "हात धुतलेत का? खोटं बोलू नका." मी गल्ल्याला धरून उभा राहिलो. मेहुणी रस्त्याकडे बघत होती.

जरा वेळाने मी विचारलं, "एवढं हसायची ती कशाला?"

तो घुटमळला. "राग येणार नाही ना? तुम्हालाच. म्हणायच्या, मीठ कमी पडलं तरी 'छान झालंय', जास्त पडलं तरी 'छान झालंय', आवाज तोच. एकदा तर म्हणे त्यांनी मीठ घातलंच नव्हतं, मुद्दाम. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."

"कारखान्यातून आल्यावर भूक लागते माणसाला," मी म्हणालो.

मेहुणीला हसू आवरेना. ती डोळे पुसत होती आणि हसत होती.

त्याने बरणीतला मसाला तोलला आणि पुडी बांधायच्या आधी सवयीने शर्टासाठी हात पुढे केला, परत टांगायला. मी दिला नाही.

"हा मी नेतो."

"न्या ना. तुमचाच आहे."

"आणि ती उशी."

"दाजी!" मेहुणी म्हणाली. "थोडी तरी लाज!"

"माझ्या बायकोच्या हातची आहे."

तो उशीकडे बघत राहिला. इतका वेळ हौसेने बोलणारा माणूस, पण आता त्याचा आवाज खाली गेला. "तेवढी राहू द्या," तो म्हणाला. "तुमच्याकडे घर आहे अख्खं."

त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. सकाळी दाढी करताना आरशात असतो तसा.

उशी मी सोडली. पण आधी त्या स्टुलावर जाऊन बसलो, शर्ट मांडीवर घेऊन, आणि पुडी बांधून झाली तरी लवकर उठलो नाही.