लेगियाहचं निशाण

“वागिराह, तुझ्या घरात मेलंय कोण?”

वाडीचा प्रमुख पाक मुजिरान अंगणात उभा राहून विचारत होता. तिकडं पुरुषाला मानाने ‘पाक’ म्हणतात, बाईला ‘बू’. नुकतं कुठं फटफटत होतं. एवढ्या सकाळी तो कुणाच्या अंगणात आला की एक तर मयत असे, नाहीतर निवडणूक.

“अजून तरी कुणी नाही,” वागिराह म्हणाली आणि सायकलच्या मागच्या दोन टोपल्यांत टेंपेचे पुडे रचत राहिली. आंबवलेल्या सोयाबीनचे, केळीच्या पानात बांधलेले ते पुडे ती लग्न झाल्यापासून शहरातल्या बाजारात नेत होती.

“मग हे काय?”

‘हे’ म्हणजे पांढरं निशाण. सायकलच्या कॅरिअरवर बांबूची एक काठी आडवी बांधलेली होती. तिचं टोक उजव्या टोपलीच्याही बाहेर, रस्त्याच्या अंगाला, चांगलं हातभर आलं होतं आणि त्या टोकाला मयताचं निशाण फडफडत होतं. कुणी गेलं की वाडीवाल्यांनी नाव घालून अशी निशाणं चौकाचौकांत रोवायची आणि लांबच्या पाहुण्यांनी ती बघत बघत दुःखाचं घर गाठायचं, ही तिथली रीत.

“निशाण आहे.”

“ते दिसतंय मला. कुणाचं?”

“लेगियाहचं.”

“अगं, तिला जाऊन किती दिवस झाले. चाळिसावा झाला, जेवण झालं, तूच भात वाढलास. गेलेल्याचं निशाण असं मिरवत नाहीत. बायका बोलतायत.”

“काय बोलतायत?”

“की तू मरण घेऊन फिरतेस.”

“मी कुठं फिरवते, पाक? ते आपलं आपणच मागून येतं. हॉर्न वाजवत.”

पाक मुजिरानने घसा साफ केला. तो मुळात वाईट माणूस नव्हता. कुणाचंही कुणाशी भांडण होऊ नये एवढीच त्याची इच्छा असे, आणि त्यासाठी ज्याचं डोकं फुटलं असेल त्याला तो गप्प बसवी. ते सोपं पडे. “शुक्रवारपर्यंत काढ,” तो म्हणाला. “नाहीतर बैठक बोलवावी लागेल मला.”

“बोलवा. चहाला टेंपे मी तळून देईन.”

एके काळी त्या रस्त्याने वाडीतल्या सहा जणी एका ओळीत जात. पुढे लेगियाह, तिच्यामागे वागिराह, मग बाकीच्या. पुढचीने खड्डा दिसला की एकदा घंटी वाजवायची आणि मागच्यांनी ती ऐकून बाजू घ्यायची, असा नेम होता. अंधारात मागचीला पुढच्या टोपल्यांखेरीज काही दिसत नाही, म्हणून पुढचीचे डोळे सगळ्यांनी वापरायचे. लेगियाहची घंटी कधी चुकली नाही.

पुढे रस्ता रुंद झाला. रुंद झाला म्हणजे बसगाड्या रुंद झाल्या. मागून येणारी बस वीतभर अंतरावरून निघून जाई, तिच्या वाऱ्याने सायकल आधी बाहेर ढकलली जाई आणि मग आत ओढली जाई. त्यावर ज्याने त्याने आपापले उपाय काढले. एकीने भडक लाल सदरा शिवला. एकीने हँडलला आरसा लावला आणि आठवड्यात काढून टाकला, कारण येतंय काय ते दिसायला लागल्यावर तिला सायकलच चालवता येईना. कुणी बस आली की उतरून गवतात उभी राही. बाजारात पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर येत. लेगियाह मात्र हात आडवा करून सावकाश खाली सोडी, लहान पोरं वडीलधाऱ्यांसमोरून जाताना कमरेत वाकून सोडतात तसा. म्हणायची, “आपण आधी नमतं घेतलं की समोरच्यालाही लाज वाटते.”

तिचा लाजेवर विश्वास होता.

मध्यंतरी रस्ता सुरक्षेचा एक साहेबही वाडीत येऊन गेला होता. त्याने बायकांना चमकदार जाकिटं वाटली, फोटो काढले आणि सांगितलं की डावीकडून चालवा.

“डावीकडूनच चालवतो,” वागिराह म्हणाली होती.

“आणखी डावीकडून.”

“आणखी डावीकडं पाटाचं पाणी आहे, साहेब.”

“मग सांभाळून चालवा,” साहेब म्हणाला. बसवाल्यांची सभा कधी आहे, असं वागिराहने विचारलं, तेव्हा साहेबाने हसून पुढचा फोटो काढला.

चिंचेच्या झाडापाशी एक खड्डा होता. त्या पहाटे लेगियाहने त्याच्यासाठी घंटी वाजवली, हात आडवा करून खाली सोडला, खड्ड्याला वळसा घातला, आणि वीतभर अंतरावरून जाणाऱ्या सहलीच्या बसचा आरसा तिच्या डोक्याला लागला. वागिराह मागेच होती. घंटी ऐकून ती बाजूला झाली, म्हणून वाचली.

पोलिसांच्या कागदावर ‘सायकलस्वाराचा तोल गेला’ असं आलं. ड्रायव्हर मयताला आला, सगळ्यांच्या पाया पडला, नशिबात होतं म्हणाला आणि दोन वेळा भात घेऊन जेवला. कुणी त्याला काही बोललं नाही. त्या मुलखात आवाज चढवणं हे मरणापेक्षा वाईट समजतात. वागिराहनेही त्याच्या पानात भाजी वाढली. भाजी वाढताना डाव पानावर जरा जोरातच आपटला, आणि ते दुःखाने नाही हे तिच्या लक्षात आलं.

पुढे चिंचेपाशी ‘सायकलस्वारांनो, सावधान’ अशी पाटी लागली. खड्डा तसाच राहिला. बाकीच्या जणी मुलांच्या मोटारसायकलींवर मागे बसून जाऊ लागल्या. वागिराहलाही मुलगा होता, गुनार्तो. पण तो मालकाची व्हॅन चालवायचा आणि पहाटे प्रवाशांना देवळावरचा सूर्योदय दाखवायला न्यायचा.

“सोडून दे आता सायकल,” तो म्हणाला होता. “मी कमावतोय ना?”

“तू सायकलवाल्यापासून किती लांबून नेतोस गाडी?”

“नेतो की लांबून.”

“किती?”

गुनार्तोने टेबलावर हाताचा पंजा पसरून दाखवला. मग स्वतःच त्या पंज्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर घेतला. “गिऱ्हाईक घाई करतं, आई. सूर्य थांबत नाही ना.”

“सूर्य उद्या परत येतो,” वागिराह म्हणाली.

नुसती काठी तिने आधीच लावून पाहिली होती, लाल चिंधी बांधून. दुसऱ्याच दिवशी एका ट्रकने ती मुद्दाम मोडली. ट्रकमधली माणसं हसलेली तिने ऐकली. मग तिला मयताचा दिवस आठवला. लेगियाहची तिरडी निघाली तेव्हा याच रस्त्यावर याच बसगाड्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. ड्रायव्हरांनी गाणी बंद केली होती, एकाने टोपीसुद्धा काढली होती. जिवंतपणी जिला वीतभर मिळालं नाही, तिला मेल्यावर अख्खा रस्ता मिळाला. वागिराहने चौकातलं एक निशाण उपटून घरी आणलं होतं, कशासाठी ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. आता तिने ते काठीला बांधलं. पहिल्याच दिवशी बसगाड्या पलीकडच्या कडेने गेल्या. तिला बरं वाटायला हवं होतं. तिला इतका राग आला की बाजारात तिने पहिल्या तीन गिऱ्हाइकांशी भांडण काढलं.

पाक मुजिरान येऊन गेला त्याच सकाळची गोष्ट. ती हमरस्त्याला लागली आणि थोड्या वेळाने मागे एका गाडीचा आवाज आला. आवाज जवळ आला आणि तिथेच राहिला. हॉर्न नाही, काही नाही. वागिराह थोडी डावीकडे सरकली, तर गाडीही मागे डावीकडे. तिने वेग वाढवला, गाडीने वाढवला. चिंच गेली, पूल गेला. तिच्या पाठीतून घाम वाहायला लागला. आजवर सगळे पुढे जातात म्हणून ती शिव्या घालत होती. हा जात नव्हता म्हणून घालायला लागली. बाजाराच्या फाटकाशी तिने ब्रेक दाबले आणि उतरून उभी राहिली.

मागे एक व्हॅन थांबली. दारं उघडून काळ्या कपड्यांतली पाच-सहा माणसं खाली उतरली, डोकी खाली घालून, हात पुढे जोडून. त्यांतला पोटाने पुढे असलेला गृहस्थ हळू आवाजात म्हणाला, “बू, दुःखाचं घर कुठंय?”

“कसलं घर?”

“पाक हार्जोंचं. आम्ही जाकार्ताहून आलोय. तुमच्या निशाणामागनं आलो.”

वागिराहने आजूबाजूला पाहिलं. कोंबड्यांच्या टोपल्या, मिरच्यांचे ढीग, बर्फवाला. “हा बाजार आहे,” ती म्हणाली.

गृहस्थाच्या तोंडावरचं दुःख ओसरायला क्षणभर लागला. “मग हे निशाण कुणाचं?”

“लिहिलंय वर. वाचा.”

त्याने वाचलं. “लेगियाह. ही कोण?”

“माझ्यापुढं सायकल चालवायची.”

“बाई, आम्ही तासभर तुमच्यामागं रांगत आलो. तिकडं माणसाला माती द्यायची वेळ झाली. ही काय थट्टा आहे?”

“नाव वाचायचं होतं मग.”

“एवढ्या लांबून कसं वाचणार?”

“हो,” वागिराह म्हणाली. “आज लांब होतात खरे.”

तिचा आवाज चढला नव्हता, पण मिरचीवालीने मान वर केली.

“तुम्ही गाडीवाले रोज वीतभरावरनं जाता. तेवढ्यात नाव काय, माझ्या कपाळावरच्या सुरकुत्या मोजून होतील. तेव्हा वाचत नाही कुणी. ही मेली तेव्हा हिच्या डोक्याला बसचा आरसा लागला, आणि आत बसलेले तुमच्यासारखेच होते, घाईतले. माणूस मेलंय म्हटल्यावर तुम्ही तासभर मागं आलात. जिवंत आहे म्हटलं असतं तर आला असतात?”

गृहस्थ लाल झाला. त्याने काठीचं निशाण उपटलं, दोन बोटांत धरलं, कुठे ठेवावं ते न कळून कोंबड्यांच्या टोपलीवर टाकलं आणि व्हॅनकडे वळला. “ड्रायव्हर, तू तर इथलाच ना? ही बाई कोण आहे?”

तेव्हा वागिराहने प्रथमच स्टीअरिंगमागे पाहिलं. तिथे गुनार्तो बसला होता. दोन्ही हात चाकावर, नजर चाकाच्या मधोमध, जिथे हॉर्न असतो. तासभर तो तिच्या टोपल्या बघत आला होता. ही माझी आई आहे आणि हे निशाण तुमच्या मयताचं नाही, एवढं गिऱ्हाइकाला सांगणं त्याला जमलं नव्हतं. आणि तिला मागे टाकून पुढे जाणंही.

“टेंपेवाली आहे, पाक,” तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं. दारं लागली, व्हॅन वळली आणि गेली.

वागिराहने टेंपे मांडले. मिरचीवालीने निशाण उचलून, झटकून, घडी करून तिच्यापुढे ठेवलं. “मुलगाच ना गं तुझा?” ती म्हणाली.

“ड्रायव्हर आहे,” वागिराह म्हणाली.

दुपारी ती रिकाम्या टोपल्या घेऊन निघाली. निशाण तिने कमरेला खोचलं होतं. काठी नुसतीच होती. पहिली बस वीतभरावरून गेली. दुसरीही. पूल ओलांडल्यावर मागे एका गाडीचा आवाज आला. जवळ आला आणि तिथेच राहिला. आवाज ओळखीचा होता. त्या गाडीच्या मागे आणखी गाड्या तुंबल्या, हॉर्न कोकलायला लागले, कुणीतरी खिडकीतून आईवरून शिवी दिली. मधली व्हॅन बाजूला झाली नाही.

वागिराहने मागे पाहिलं नाही. डावीकडेही सरकली नाही. रस्त्याच्या मधोमध, आपल्या चालीने, ती पायडल मारत राहिली आणि तिच्या पोटातला राग तसूभरही कमी झाला नाही.

चिंच आली. ‘सावधान’ची पाटी आली. खड्डा आला. तिचा अंगठा घंटीवर गेला आणि थांबला. मागे कोण आहे ते तिला ठाऊक होतं.

मग तिने घंटी वाजवली, एकदाच, आणि वळसा घातला.