मागच्या कप्प्यातले बटाटे

मित्रांनो, कालव्याकाठी गोठ्यामागे जी कलंडलेली, छपरावर शेवाळ साचलेली कॅरॅव्हान दिसते ना, ती मी. मी एक चाकांवरचं जुनं घर आहे. मला इंजिन नाही. गाडीनं ओढलं तरच मी जाणार. आज माझे टायर बसलेत आणि दाराशी खाजरी झुडपं वाढलीत. पण आल्प्स ओलांडून आलेय मी, उगाच नाही!

माझा मालक विब्रेन. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या आमच्या गावी तो बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडायचा. आमचा मुलूख ताटासारखा सपाट. माझी पहिली पाच वर्षं तिथेच, समुद्रकाठी मजेत गेली. मग एका उन्हाळ्यात विब्रेन, त्याची बायको हिस्का आणि आई औक्ये यांनी इटलीतल्या सरोवरावर जायचं ठरवलं. वाटेत आल्प्समधली गोटहार्डची खिंड होती, आणि तेव्हा मोटारींचा बोगदा झाला नव्हता.

विब्रेननं सामान जातीनं लावलं. जड ते मधे, चाकांच्या वर. मागच्या कप्प्यात फक्त टॉवेल. माझी शेपूट जड झाली की मी डोलायला लागते, हे त्यानं आईला दहादा बजावलं. आमच्याकडे सुट्टीला निघताना घरचे बटाटे सगळेच नेतात, पण सांगून नेतात. औक्येनं मात्र निघायच्या सकाळी दोन गोणी बटाटे त्याच कप्प्यात कोंबले आणि वर टॉवेल पसरले. "परक्या मुलखातले बटाटे खायचे कुणी!" असं ती पुटपुटत होती.

खिंडीच्या माथ्यावर कॉफीला थांबलो, तेव्हा हिस्का माझ्याभोवती फिरली. "आई, वळणावर ही फार हलतेय. तुम्ही मागे काही ठेवलंत का?"

"टॉवेल गं बाई! आता माझ्या टॉवेलांवर डोळा का तुझा?"

"झालं का तुमचं?" विब्रेन वैतागला. "ढग उतरतायत. चला."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तोंड कुठून आणू?

उतार सुरू झाला. विब्रेन सपाटीचा माणूस. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी रोखतात हे त्यानं ऐकलं होतं, पण हाताला सवय नव्हती. हळू जायचं म्हणजे ब्रेक दाबून ठेवायचा, एवढंच त्याच्या पायाला ठाऊक. गाडी मंदावली की मी मागून तिच्यावर रेलते आणि त्या रेट्यानं माझेही ब्रेक लागतात. तो पाय काढेना, म्हणून माझे ब्रेक सुटेनात. माझी आणि गाडीचीही चाकं भाजायला लागली. जळका वास सुटला. कठड्यापलीकडे नुसती दरी होती.

"पाय आत जातोय," विब्रेन म्हणाला. "ब्रेक लागत नाहीये."

वेग वाढला आणि मी डोलू लागले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर हेलकावा आधीच्याहून मोठा. माझ्याबरोबर गाडीही फरफटू लागली. देवा, ही तिघं माझ्यामुळे मरणार, या विचारानं माझा पत्रा न् पत्रा थरथरला.

"विब्रेन!" मागच्या सीटवरून म्हातारी किंचाळली. "मागे बटाटे आहेत रे! दोन गोणी! मीच ठेवलेत!"

"आई!"

"शिव्या नंतर दे! आधी काहीतरी कर!"

हिस्का मालवाहू बोटीवर वाढलेली. मागून ओढलेली होडी डोलायला लागली की तिच्याशी झुंजायचं नसतं, हे तिला बापानं शिकवलं होतं. "स्टिअरिंग सरळ धर," ती म्हणाली. "झटके देऊ नकोस. गिअर खाली घे. अजून एक खाली."

इंजिन कळवळून ओरडलं. माझा हेलकावा लहान झाला, मग आणखी लहान. पुढच्या वळणाआधी रस्त्याकडेला चढती मोकळी जागा आली, विब्रेननं गाडी तिच्यावर घातली आणि आम्ही थांबलो. त्यानं माझ्या धुमसत्या चाकांमागे दगड लावले.

औक्ये उतरली, तिनं टॉवेल फेकले आणि ओच्यातून बटाटे मधे न्यायला लागली. ती रडत होती. "तुझा बाप असता तर मला इथंच सोडून गेला असता."

"बाबा असते तर त्यांनी तिसरी गोणी आणली असती," विब्रेन म्हणाला.

हिस्काला हसू फुटलं. तिनं उरलेल्या गोणीचं एक टोक धरलं, दुसरं औक्येनं. माझी चाकं निवेपर्यंत तिघांनी बटाटे उकडून लोण्याबरोबर खाल्ले.

त्यानंतर दर उन्हाळ्यात निघण्याआधी औक्ये मागचा कप्पा सताड उघडायची. "सूनबाई, बघून घे! रिकामा आहे," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची.

मित्रांनो, ओझ्याची मला कधी भीती वाटली नाही. लपवलेल्या ओझ्यानं मात्र मी तीन जीव घेतले असते. जो ओढतोय त्याला मागे काय ठेवलंय ते सांगत जा, एवढंच माझं मागणं.

म्हातारी जाऊन अकरा वर्षं झाली. पुढे विब्रेनचे गुडघे गेले आणि मी इथे उभी राहिले. परवा हिस्का झुडपं तुडवत आली. गंजलेली कडी काढून तिनं मागच्या कप्प्यात वाकून पाहिलं.

"आई, रिकामा आहे हो," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ ते दार धरून उभी राहिली.