मंगळवारची फायनल

नणंद आणि भावजय एकाच दोराला लागून एकाच बाजूने ओढतात, याचं गल्लीत सगळ्यांना भारी कौतुक होतं.

नणंद शहराच्या बससेवेत ड्रायव्हर होती. अंगाने भक्कम, बोलायला कमी. रस्सीखेचेत ती सगळ्यात मागे, दोर खांद्यावरून घेऊन उभी राहायची. वहिनी बेकरीत भट्टीवर कामाला. ती सगळ्यात पुढे असायची, आणि तिचं तोंड तिच्याही पुढे. मधल्या जागांवर शाळेतल्या बाई, शिवणकाम करणारी, भाजी विकणारी, पोस्टातली, लाँड्रीत काम करणाऱ्या दोघी बहिणी अशा सगळ्या पोटापाण्याच्या धबडग्यातून वेळ काढणाऱ्या. कामं आटोपली की त्या बस डेपोच्या मागच्या मोकळ्या जागेत जमायच्या. तिथे भंगारात काढलेली एक बस उभी होती. तिच्या हुकाला दोर बांधून ओढायचं, हाच त्यांचा सराव.

सुरुवातीला बस ढिम्म हलायची नाही. मग एका संध्याकाळी ती कुरकुरत हातभर पुढे सरकली आणि आठहीजणी अशा काही ओरडल्या, की डेपोचा वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला.

"बस चोरताय काय?"

"ड्रायव्हर आमच्यात आहे हो," वहिनी म्हणाली, "चावी तेवढी मिळाली नाही."

त्या वर्षी संघ पहिल्यांदाच फायनलला पोचला. समोर हॉस्पिटलचा संघ होता, सलग तीन वर्षं कप नेणारा. घरात आनंदीआनंद होता. दादा, म्हणजे एकीचा भाऊ आणि एकीचा नवरा, दोघींचे बूट घासून उन्हात ठेवत होता. तेवढ्यात रस्सीखेच संघटनेच्या सेक्रेटरींचा फोन आला. फायनल मंगळवारी, सकाळी अकरा वाजता.

"मंगळवारी?" वहिनी ओरडली. "कामाच्या दिवशी?"

"प्रमुख पाहुण्यांना तीच वेळ सोयीची आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि फोन ठेवला.

बेकरीच्या मालकांनी वहिनीला लगेच मोकळीक दिली. बाकीच्यांचंही कसंबसं जमत होतं. अडलं ते नणंदेचं. डेपोत ड्युट्या लावणाऱ्या साहेबांनी डोक्याला हात लावला.

"अगं, मंगळवारी निम्मे ड्रायव्हर डोळे तपासायला जाणार आहेत. तुला सोडलं तर तुझी बस कोण चालवणार, मी? मला सायकल धड येत नाही."

तिने सेक्रेटरींना फोन केला.

"नियम आहे," ते म्हणाले. "आठजणी मैदानावर नसतील तर समोरच्या संघाला पुढे चाल."

"त्यांना जमतंय मंगळवारी?"

"हॉस्पिटलवाल्या एका पायावर तयार आहेत."

हे ऐकून वहिनीचा पारा चढला. एरवी ती नणंदेला नावानेच हाक मारायची. रागावली की मात्र 'वन्सं' म्हणायची.

"वन्सं, तुम्ही मंगळवारी आजारी पडा."

"थांब्यावर माणसं उभी असतात गं. त्यांना काय सांगू? ताप आलाय, पण दोर ओढायला चाललेय?" नणंद खाली बघत म्हणाली. "माझ्या जागी दुसरी घ्या."

"तुझ्या जागी? त्यापेक्षा घराची एक भिंत काढून घेऊन जाते!"

दादा दोघींच्या मध्ये बसून जेवत होता. घास गिळून तो म्हणाला, "हॉस्पिटलवाल्यांनाच विचारा ना. त्या म्हणाल्या, दिवस बदला, तर सेक्रेटरी नाही कशाला म्हणतील?"

"तीन वर्षं जिंकणाऱ्या बायका आयता कप सोडतील होय?" वहिनी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी नणंदेची ड्युटी संपल्यावर दोघी हॉस्पिटलात गेल्याच.

तिथल्या कॅप्टन म्हणजे हाडं मोडलेल्यांच्या वॉर्डाच्या सिस्टर. प्लास्टरने बरबटलेले हात बादलीत खंगाळत त्यांनी दोघींचं सगळं ऐकून घेतलं.

"आम्हाला जमतंय? कोण म्हणालं? माझ्या पाचजणींची मंगळवारी सकाळची ड्युटी आहे! सेक्रेटरी म्हणाले, डेपोवाल्या एका पायावर तयार आहेत."

वहिनीने कंबरेवर हात ठेवले. "सोळा बायकांना एका पायावर उभं करून हा माणूस झोपतो कसा हो?"

सिस्टर खदखदून हसल्या. तिथल्या तिथे ठरलं. शनिवारी दुपारी, ज्यांना ज्यांना येता येईल त्यांनी सेक्रेटरींच्या दुकानात जमायचं.

सेक्रेटरींचं चष्म्याचं दुकान होतं, जेमतेम चार माणसं मावतील एवढं. त्यात तेरा बायका शिरल्या. खुर्चीत एक गृहस्थ नाकावर जाडजूड फ्रेम चढवून समोरची अक्षरं वाचत होते, ते दोरवाल्यांच्या खांद्यांआड पार दिसेनासे झाले.

"हे काय? ही काय पद्धत झाली?" सेक्रेटरी काउंटरमागे सरकले. वाळकुडा, कडक इस्त्रीचा माणूस. "नियमाप्रमाणे अर्ज करा!"

वहिनी तोंड उघडणार, तोच मागून नणंदेचा आवाज आला. सगळ्या वळून बघायला लागल्या, कारण ती चारचौघांत कधी बोलायची नाही.

"मंगळवारी आम्ही येणार नाही. ह्यासुद्धा येणार नाहीत. पुढे चाल कुणाला देणार?"

"दोन्ही संघ बाद!"

"मग कप?"

"पाहुण्यांनाच द्या," वहिनीने जोड दिली. "दोराच्या एका टोकाला ते, एका टोकाला तुम्ही."

खुर्चीतले गृहस्थ हसले. "अहो, रविवारी ठेवा की! मीही येईन बघायला. आणि तो तिसऱ्या ओळीत 'म' आहे की 'भ'?"

"म!" सेक्रेटरी खेकसले आणि मग एकदम खाली स्टुलावर बसले. "तुम्हाला वाटतं, मला हौस आहे. दरवर्षी मैदान मी आखतो, दोर मी वाळवतो. आणि फायनलला येतं कोण? तुमची पोरं आणि तुमचे नवरे. मोठा माणूस आला असता तर चार लोक जमले असते, पेपरात फोटो आला असता. किती महिने त्यांच्या मागे लागलोय मी!"

 वहिनी काउंटरवरचे चष्मे उगाच सरळ लावायला लागली.

"सर, आम्हाला एकदा विचारायचं होतंत," सिस्टर म्हणाल्या.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणून दोन्ही संघांशी खोटं बोललात?"

सेक्रेटरींनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. "बोललो," ते म्हणाले. मग सगळ्यांसमोर त्यांनी पाहुण्यांच्या कचेरीत फोन लावला. पुढचा रविवार? जमणार नाही. त्यांनी फोन असा ठेवला, जणू घरातलं लग्न मोडलं.

"माणसं मी आणते," नणंद म्हणाली.

"तू?" वहिनीला हसू आवरेना. "तू शेजारणीशी बोलत नाहीस!"

पण पुढचा सगळा आठवडा ती बोलली. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी होताना उतरणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची, "रविवारी फायनल आहे, या." पहिल्या दिवशी कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसऱ्या दिवशी प्रवासीच विचारायला लागले, "तुम्ही कुठल्या जागी उभ्या राहता?" तिकडे वहिनी पावासोबत आमंत्रण देत होती, आणि हॉस्पिटलात तर प्लास्टरमधले पायही कुबड्यांवर यायला तयार झाले.

रविवारी मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा नव्हती. ड्युट्या लावणारे साहेब आले होते. दुकानातल्या खुर्चीतले गृहस्थ नवा चष्मा लावून पहिल्या रांगेत होते. सेक्रेटरी पंच म्हणून मध्ये उभे होते आणि गर्दीकडे परत परत बघत होते.

"दोर उचला… ताणा… ओढा!"

तीनपैकी पहिल्या खेचीत डेपोचा संघ वरचढ होता. तेवढ्यात वहिनीचा पाय सरकला, ती बुडावर आदळली आणि तशीच बसून ओढत राहिली. बसून ओढायचं नाही, अशी पंचांनी ताकीद दिली, पुन्हा दिली, आणि शिट्टी वाजवून खेच हॉस्पिटलला देऊन टाकली.

"मी कुठे बसले? नुसती वाकले होते!" वहिनी त्यांच्या अंगावर धावून गेली. "दुकानातला राग काढताय काय?"

"वहिनी," नणंद मागून म्हणाली, "बसली होतीस गं. चांगली ऐसपैस."

मैदान हसलं. वहिनीने एकदा नणंदेकडे बघितलं, एकदा आपल्या मागच्या मातीकडे, आणि पाय आपटत जागेवर गेली. "बरं, बसले होते," ती दोर उचलत म्हणाली. "आता बघा, उभी राहून काय करते ते."

दुसरी खेच त्यांनी झटक्यात घेतली. तिसरी काही संपेना. दोर जागच्या जागी थरथरत होता, आणि दोन्हीकडच्या बायका आभाळाकडे तोंड करून कण्हत होत्या. गर्दीचा आवाजही बसला. नणंदेने टाचा रोवल्या, डोळे मिटले आणि एकच शब्द ओरडली, "चला!" रोज बसमध्ये दार लावताना म्हणायची, तसाच. आठहीजणी एकदम मागे कलल्या. एक पाऊल मिळालं. मग दुसरं. मग हॉस्पिटलची रांग मोडली आणि दोराची खूण भरकन रेषेपार आली. डेपोच्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, आणि दादा उडी मारून आत घुसला तो लाँड्रीवाल्या बहिणींच्या खाली सापडला.

कप द्यायला प्रमुख पाहुणे नव्हते. सेक्रेटरी जरा घुटमळले, मग स्वतःच पुढे झाले. कप देताना त्यांनी नणंदेला हळूच विचारलं, "एवढी माणसं… आणलीत कशी?"

"सांगितलं त्यांना," ती म्हणाली.

गर्दी पांगायला लागली तेव्हा सिस्टर गवतात बसून वहिनीच्या तळहातावर पट्टी बांधत होत्या. फोड फुटून कातडं निघालं होतं.

"दोन दिवस भट्टीजवळ जायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि सराव तर मुळीच नाही."

"हा सल्ला वॉर्डातल्या सिस्टरांचा की हरलेल्या कॅप्टनचा?"

"दोघींचा!" सिस्टरनी गाठ अशी आवळली की वहिनी किंचाळली. मग त्या उठल्या, घड्याळ बघितलं, "अगं बाई, ड्युटी!" म्हणाल्या आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या पायांनी हॉस्पिटलच्या दिशेने पळत सुटल्या.